राजदंत आणि दंतशास्त्राच्या शाखा : समोरच्या दातांच्या सौंदर्योपचाराचा इतिहास (विशेष संदर्भ : जालना जिल्हा)

सारांश

समोरच्या दातांचे रूप सुधारण्यासाठी दंतशास्त्राच्या अनेक शाखांनी एकत्र येऊन उपचार करणे ही आज मान्य झालेली पद्धती आहे. या पद्धतीचा उगम, तिला शक्य करणारे शोध आणि जालन्यासारख्या जिल्ह्यात तिच्यापुढे उभा राहणारा प्रश्न यांचा ऐतिहासिक दृष्टीने विचार प्रस्तुत लेखात केला आहे. शाखांचा समन्वय हा मुख्यतः यंत्रसामग्रीचा प्रश्न नसून नियोजनाचा व उपचारांच्या क्रमाचा प्रश्न आहे, आणि म्हणूनच तो जिल्ह्याच्या पातळीवरही साध्य आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : राजदंत, दातवण, फ्लोरोसिस, दंतव्यंगोपचार, शाखासमन्वय, जालना.

प्रस्तावना

वरच्या जबड्यातील पटाशीचे चार दात आणि त्यांच्या दोन्ही बाजूंचे सुळे हे सहा दात बोलताना व हसताना दिसतात. चावण्याचे बहुतांश काम दाढा करतात. परंतु माणसाची ओळख या सहा दातांशी जोडलेली असते. ते वेडेवाकडे, डागाळलेले, तुटलेले किंवा मुळातच कमी असले तर माणूस तोंडावर हात ठेवून बोलू लागतो. ग्रामीण भागात विवाह जुळविताना मुलीच्या दातांकडे कसे पाहिले जाते, हे येथे सविस्तर सांगण्याची आवश्यकता नाही. या विषयाला केवळ चैनीचा विषय समजणे त्यामुळे योग्य ठरत नाही.

अशा दातांवरील उपचार एका तज्ज्ञाच्या हातून सहसा पूर्ण होत नाही. दात सरकविणारा, हिरडीवर उपचार करणारा, दाताच्या आतील नसेवर उपचार करणारा आणि कृत्रिम दात बसविणारा असे निरनिराळे तज्ज्ञ आधुनिक दंतशास्त्रात आहेत. ते वेगळे कसे झाले, पुन्हा एकत्र कशामुळे आले आणि या घडामोडीत जालना जिल्ह्याचे स्थान कोणते, हे पाहणे हा या लेखाचा उद्देश आहे. लेखनासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

राजदंत आणि दातवण : परंपरेतील दृष्टी

भारतीय वैद्यकात मुखरोगांचा विचार प्राचीन काळापासून झालेला आहे. सुश्रुताने मुखरोगांची संख्या ६५ सांगितली आहे. त्यांत ओठांचे ८, दंतमूलाचे १५, दातांचे ८, जिभेचे ५, टाळूचे ९, कंठाचे १७ आणि संपूर्ण मुखाचे ३ रोग येतात. दातांच्या रोगांपेक्षा दंतमूलाच्या, म्हणजे हिरडीच्या व दाताच्या आधाराच्या रोगांची संख्या जवळजवळ दुप्पट आहे, ही बाब लक्षणीय आहे. दाताचा विचार त्याच्या आधारापासून वेगळा करता येत नाही, ही जाणीव त्या वर्गीकरणात आढळते.

काश्यपसंहितेतील दंतजन्मिक अध्याय आपल्या विषयाच्या अधिक जवळचा आहे. या अध्यायात ३२ दातांपैकी ८ एकदाच येणारे व उरलेले दोनदा येणारे मानले आहेत. वरच्या जबड्यातील मधल्या दोन दातांना तेथे ‘राजदंत’ अशी संज्ञा आहे. हे दात पवित्र मानले असून ते खंडित झाल्यास मनुष्य श्राद्धकर्मास अयोग्य ठरतो, असे म्हटले आहे. समोरच्या दोन दातांच्या अखंडतेशी माणसाचा सामाजिक व धार्मिक अधिकार जोडला गेल्याचे हे स्पष्ट उदाहरण होय. नेपाळमध्ये सापडलेल्या हस्तलिखितावरून ही संहिता मुंबईच्या निर्णयसागर मुद्रणालयातून १९३८ मध्ये प्रसिद्ध झाली.

सुंदर दात म्हणजे पांढरा दात, हे समीकरण मात्र सर्वकाळ नव्हते. महाराष्ट्रात जुन्या पिढीतील सुवासिनी दातवण लावून दात काळे करीत आणि काळे दात हे सौभाग्याचे लक्षण मानले जाई. मायफळासारखी तुरट द्रव्ये व हिराकस यांच्या संयोगातून दातांवर काळा थर बसतो. जपानमध्येही लोह व तुरट द्रव्ये यांच्या साहाय्याने दात काळे करण्याची प्रथा होती. तेथील शासनाने १८७० मध्ये सरदार वर्गापुरती तिच्यावर बंदी घातली. विसाव्या शतकात आपल्याकडील दातवण मागे पडले. भाजलेल्या तंबाखूची मिश्री मात्र अनेक घरांत टिकून राहिली, आणि तिच्या काळपट डागांना सौभाग्याचा अर्थ उरला नाही. दातांच्या सौंदर्याची कल्पना समाजासोबत बदलते, हे यावरून दिसते. उपचार करणाऱ्याने स्वतःची कल्पना रुग्णावर लादू नये, हा बोधही त्यातून मिळतो.

शाखांची विभागणी

युरोपात दंतवैद्यकाला स्वतंत्र व्यवसायाचे रूप देण्याचे श्रेय फ्रेंच शल्यवैद्य पिएर फोशार यांना दिले जाते. त्यांचा दोन खंडांतील ग्रंथ १७२८ मध्ये प्रसिद्ध झाला. दात काढणे, भरणे, सरळ करणे आणि कृत्रिम दात बसविणे हे सर्व त्या एकाच ग्रंथात होते. विभागणी पुढे झाली. अमेरिकेत एडवर्ड अँगल यांनी १८९९ मध्ये वेड्यावाकड्या दातांचे वर्गीकरण मांडले आणि १९०० मध्ये सेंट लुई येथे केवळ दंतव्यंगोपचार शिकविणारी शाळा काढली. त्यानंतर विसाव्या शतकात एकेक शाखा वेगळी होत गेली.

भारतात डॉ. आर. अहमद यांनी १९२० मध्ये कलकत्त्यात दंत महाविद्यालय सुरू केले. मुंबईत १९३३ मध्ये नायर रुग्णालयाशी संलग्न दंत महाविद्यालय स्थापन झाले. २९ मार्च १९४८ रोजी दंतवैद्यक कायदा अस्तित्वात आला व १९४९ मध्ये भारतीय दंत परिषद स्थापन झाली. या कायद्याने नोंदवहीचे दोन भाग केले. पहिल्या भागात पदवीधर आणि दुसऱ्या भागात पदवी नसलेले, परंतु पूर्वीपासून व्यवसाय करीत असलेले दंतवैद्य नोंदविले जाऊ लागले. पिढीजात दात बसविणाऱ्यांचे युग संपून पदवीचे युग सुरू झाल्याची ही खूण होती. हा कायदा झाला त्या दिवशी जालना निजामाच्या राज्यात होते. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ रोजी मुक्त झाला. मुंबईत दंतशिक्षण स्थिरावले तेव्हा मराठवाड्यात त्याची सुरुवातही व्हायची होती, हे अंतर पुढील विवेचनात महत्त्वाचे ठरते.

१९६५ मध्ये भारतीय दंतव्यंगोपचार तज्ज्ञांची स्वतंत्र संघटना स्थापन झाली. कालांतराने पदव्युत्तर दंतशिक्षण नऊ शाखांत विभागले गेले. या विभागणीने ज्ञान खोल झाले, यात शंका नाही. तथापि समोरचा एक दात कोणत्याही एका शाखेच्या मालकीचा राहिला नाही. त्याची जागा एका तज्ज्ञाकडे, हिरडी दुसऱ्याकडे, नस तिसऱ्याकडे आणि दर्शनी रूप चौथ्याकडे गेले. रुग्णाला मात्र एकच हास्य हवे असते.

शाखांना जोडणारे शोध

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत समोरच्या दाताचे रूप बदलण्याचा टिकाऊ मार्ग म्हणजे तो चहूबाजूंनी कापून त्यावर कॅप बसविणे हा होता. १९३०च्या दशकात चार्ल्स पिंकस यांनी हॉलिवूडच्या नटनट्यांच्या दातांवर चित्रीकरणापुरत्या पातळ चकत्या चिकटविल्या. परंतु त्यांना कायम धरून ठेवील असा चिकट पदार्थ तेव्हा नव्हता.

१९५५ मध्ये मायकेल बुओनोकोर यांनी दाताच्या कवचावर फॉस्फोरिक आम्ल लावून पृष्ठभाग सूक्ष्म प्रमाणात खडबडीत केला, तर त्यावर राळ घट्ट चिकटते, हे दाखवून दिले. १९६२ मध्ये राफेल बोवेन यांच्या नव्या राळेचे पेटंट झाले व दाताच्या रंगाचे कॉम्पोझिट हाती आले. १९८३ पासून आम्लाने खडबडीत केलेल्या चिनीमातीच्या पातळ व्हिनियर दाताला कायमच्या चिकटविणे शक्य झाले. दरम्यान स्वीडनमध्ये पेर-इंगवार ब्रॉनेमार्क यांनी १९६५ मध्ये पहिल्या रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमचे इम्प्लांट बसविले होते. १९८२ च्या टोरांटो परिषदेनंतर या पद्धतीला जगभर मान्यता मिळाली.

या शोधांचा परिणाम केवळ तांत्रिक नव्हता. दात न कापता त्याचा आकार वाढविता येऊ लागला, तेव्हा आधी दात योग्य जागी सरकवून मग त्याला आकार देणे अर्थपूर्ण झाले. १९७३ मध्ये हेदरसे यांनी हिरडीखाली मुळाशी तुटलेल्या दातावर रूट कॅनाल करून, तो तारेच्या साहाय्याने हळूहळू खाली ओढून, त्यावर कॅप बसविण्याची एकत्रित पद्धती मांडली. जो दात पूर्वी काढून टाकला जाई, तो आता दोन-तीन शाखांच्या सहकार्याने वाचू लागला.

या विचाराला पद्धतशीर रूप अमेरिकेतील सिएटल येथील फ्रँक स्पिअर, व्हिन्सेंट कोकिच व डेव्हिड मॅथ्यूज यांनी दिले. समोरच्या दातांच्या सौंदर्याचे आंतरशाखीय व्यवस्थापन या विषयावरील त्यांचा लेख २००६ मध्ये अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यांचे मुख्य सूत्र असे की, नियोजनाची सुरुवात चेहऱ्यापासून करावी. पटाशीच्या दातांची कड ओठाच्या संदर्भात कोठे असावी हे प्रथम ठरवावे. त्यानंतर हिरडीची रेषा, दातांची मांडणी, चावण्याची क्रिया, दातांची मजबुती आणि रोगनिवारण यांचा विचार करावा. उपचार प्रत्यक्ष करताना मात्र क्रम उलटतो. वेदना व रोग आधी दूर करावे लागतात आणि रूप शेवटी येते.

याच कोकिच यांनी १९९९ मध्ये सहकाऱ्यांसह केलेल्या अभ्यासात असे आढळले की, दातांची मध्यरेषा चार मिलिमीटर सरकलेली असतानाही सामान्य दंतवैद्य व सर्वसामान्य लोक यांना ते दोषास्पद वाटले नाही. दंतव्यंगोपचार तज्ज्ञांना मात्र ते खटकले. तज्ज्ञाला दिसणारा प्रत्येक दोष रुग्णाचा प्रश्न असतोच असे नाही. जेथे साधने मर्यादित आहेत, तेथे हा निष्कर्ष विशेष उपयुक्त ठरतो.

पाणी आणि डाग : मराठवाड्याचा संदर्भ

समोरच्या दातांचा सर्वच दोष आनुवंशिक किंवा अपघाती नसतो; काही दोष पाण्यातून येतो. अमेरिकेतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे १९०१ मध्ये व्यवसाय सुरू केलेल्या फ्रेडरिक मॅके यांना तेथील लोकांच्या दातांवर तपकिरी डाग आढळले. दंतशास्त्राचे ज्येष्ठ अभ्यासक जी. व्ही. ब्लॅक यांच्यासह त्यांनी त्यांचा अभ्यास केला. कारण मात्र १९३१ मध्ये एच. व्ही. चर्चिल या रसायनशास्त्रज्ञाने शोधले. ते कारण म्हणजे पाण्यातील फ्लोराइड. दवाखान्यातील निरीक्षण आणि प्रयोगशाळेतील पृथक्करण एकत्र आले तेव्हाच उलगडा झाला.

भारतात शॉर्ट व सहकाऱ्यांनी १९३७ मध्ये मद्रास इलाख्यातील नेल्लोर भागातील फ्लोरोसिसचे वर्णन केले. हैदराबाद राज्यातील नलगोंडा जिल्ह्याविषयी ए. एच. सिद्दीकी यांचा लेख १९५५ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. त्या वर्षी जालना व नलगोंडा एकाच राज्याचे भाग होते. पुढे नागपूरच्या ‘नीरी’ या संस्थेने चुना व तुरटी वापरून पाण्यातील फ्लोराइड कमी करण्याची जी पद्धती विकसित केली, ती ‘नलगोंडा तंत्र’ म्हणूनच ओळखली जाते.

महाराष्ट्रातील ज्या जिल्ह्यांच्या काही भागांत भूजलातील फ्लोराइड लिटरमागे १.५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक असल्याची नोंद केंद्रीय भूजल मंडळाने केली, त्यांत जालन्याचाही समावेश आहे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात १ मिलिग्रॅमपर्यंतचे प्रमाण स्वीकार्य आहे, तर दुसरा स्रोत नसल्यास १.५ मिलिग्रॅमपर्यंत ते चालते. समोरच्या कायमच्या मधल्या दातांचे कवच जन्मानंतर तीन-चार महिन्यांपासून चार-पाच वर्षांपर्यंत घडते. या काळात मूल कोणत्या विहिरीचे किंवा बोअरचे पाणी पिते, यावर पुढे सात-आठ वर्षांनी दिसणाऱ्या राजदंतांचा रंग अवलंबून राहतो. अवर्षणाच्या वर्षी पाण्याचा स्रोत बदलतो. त्याचा ठसा दातावर कायमचा उमटू शकतो. म्हणून या जिल्ह्यात समोरच्या दातांच्या सौंदर्योपचारात भूजलतज्ज्ञाचाही वाटा आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

उपचारांचा क्रम : तीन उदाहरणे

शाखासमन्वयाचे महत्त्व पुढील तीन अवस्थांवरून स्पष्ट होईल.

पहिली अवस्था फ्लोरोसिसच्या डागांची. येथे सौम्य उपचारापासून तीव्र उपचाराकडे जावे लागते. दात उजळविणे, कवचाचा अतिशय पातळ थर घासून डाग काढणे, मग कॉम्पोझिट व अखेरीस व्हिनियर, असा हा क्रम आहे. हा क्रम डावलून सुरुवातीलाच दात कापून कॅप बसविली, तर जे केवळ पृष्ठभागावर होते त्यासाठी दात कायमचा कमी होतो. कापलेले कवच पुन्हा येत नाही.

दुसरी अवस्था राजदंतांच्या शेजारचा दात जन्मतःच नसण्याची. येथे दोन मार्ग संभवतात. सुळा पुढे आणून त्याला पटाशीच्या दातासारखा आकार देणे हा एक, आणि ब्रेसेसने जागा मोकळी करून तेथे इम्प्लांट बसविणे हा दुसरा. परंतु वाढत्या वयात इम्प्लांट बसविता येत नाही. शेजारचे दात जबड्यासोबत वाढत राहतात, इम्प्लांट मात्र होते तेथेच राहते व काही वर्षांनी आखूड दिसू लागते. बाराव्या वर्षी निदान झालेल्या मुलाला जबड्याची वाढ पूर्ण होईपर्यंत थांबावे लागते. दरम्यानचा काळ कोणी सांभाळायचा, हे दोन तज्ज्ञांनी आधीच ठरविलेले असावे लागते.

तिसरी अवस्था दुभंगलेल्या ओठ-टाळूची. यात शल्यतज्ज्ञ, बालदंततज्ज्ञ, दंतव्यंगोपचार तज्ज्ञ व वाणीतज्ज्ञ यांचा सहभाग जन्मापासून तारुण्यापर्यंत आवश्यक असतो. हिरडीच्या फटीत हाड भरण्याची शस्त्रक्रिया साधारणतः कायमचा सुळा येण्यापूर्वी करावी लागते. ही वेळ हुकली तर सुळ्याला फटीतून उतरण्यासाठी हाडाचा आधार मिळत नाही.

तिन्ही अवस्थांत हानी कौशल्याच्या अभावापेक्षा क्रम चुकल्यामुळे अधिक होते, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

जालना जिल्हा : अंतराचा प्रश्न

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी औरंगाबाद जिल्ह्यातील तालुके व परभणी जिल्ह्यातील परतूर यांपासून निर्माण झाला. पुढच्याच वर्षी, १९८२ मध्ये, औरंगाबाद येथे शासकीय दंत महाविद्यालय सुरू झाले. नागपूरला असे महाविद्यालय १९६८ मध्येच मिळाले होते. मराठवाड्याच्या दृष्टीने १९८२ ही महत्त्वाची घटना होती. परंतु नवजात जिल्ह्यासाठी ती जिल्ह्याबाहेरची होती. २०११ च्या जनगणनेनुसार जालन्याची लोकसंख्या १९,५९,०४६ होती आणि ती आठ तालुक्यांत विखुरलेली आहे.

जालना शहरापासून छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) सुमारे ६० किलोमीटर आहे. मंठा, परतूर येथून हे अंतर बरेच वाढते. ब्रेसेसचा उपचार दीड-दोन वर्षे चालतो व महिन्यातून एकदा तपासणी लागते. जालना शहरातील रुग्णाच्या वीस फेऱ्या धरल्या तरी सुमारे २,४०० किलोमीटरचा प्रवास होतो. प्रत्येक फेरीत पालकाची एक दिवसाची मजुरी बुडते. ऊसतोडणीसाठी दिवाळीच्या सुमारास गाव सोडून मार्च-एप्रिलमध्ये परतणाऱ्या कुटुंबातील मुलाच्या बाबतीत तर उपचाराची साखळी मध्येच तुटते. अशा वेळी तुटलेला किंवा वाकडा दात काढून शेजारचे दात कापणे व ब्रिज बसविणे हा एका-दोन भेटींत संपणारा मार्ग निवडला जातो. तो रुग्णाचा अविवेक नसतो. त्याच्या परिस्थितीतील तो व्यवहार असतो.

यावर उपाय म्हणून प्रत्येक तालुक्यात नऊ शाखांचे तज्ज्ञ नेमणे अव्यवहार्य आहे. परंतु ज्या गोष्टीमुळे समन्वय साधतो, ती गोष्ट म्हणजे लेखी नियोजन, आणि ते स्वस्त आहे. रुग्णाची छायाचित्रे, क्ष-किरण चित्रे व दातांचे साचे एकदा पाठवून तज्ज्ञांनी एकत्रित आराखडा ठरवावा, त्यात कोणता उपचार कोणत्या वयात व कोणी करायचा हे नमूद करावे, आणि त्याची प्रत रुग्णाच्या हाती द्यावी. मधल्या अनेक भेटी स्थानिक दंतवैद्याकडे होऊ शकतात. स्थलांतराचे महिने आराखड्यातच गृहीत धरता येतात.

यासाठी आवश्यक असलेल्या काही व्यवस्था आज अस्तित्वात आहेत. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी व शाळांतील मुलांच्या तपासणीत दुभंगलेले ओठ-टाळू व दातांचे विकार यांचा समावेश आहे. फ्लोरोसिस प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००८-०९ मध्ये सुरू झाला. २०२४ मध्ये जालना येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. शाळेतील तपासणी, पाण्याची तपासणी आणि महाविद्यालयीन रुग्णालय या तीन बाबी एकमेकींशी जोडल्या गेल्या, तर जिल्ह्यातील रुग्णाचा पहिला आराखडा जिल्ह्यातच तयार होऊ शकेल.

निष्कर्ष

१. समोरच्या दातांचे सामाजिक मूल्य राजदंताच्या कल्पनेइतके जुने आहे. सौंदर्याची कल्पना मात्र काळानुसार बदलत आली आहे.

२. दंतशास्त्राच्या शाखा विसाव्या शतकात वेगळ्या झाल्या व १९५५ नंतरच्या शोधांमुळे समोरच्या दातांच्या उपचारात त्या पुन्हा एकत्र आल्या.

३. या समन्वयाचा गाभा उपचारांचा योग्य क्रम हा आहे. क्रम चुकल्यास होणारी हानी बहुधा भरून येत नाही.

४. जालना जिल्ह्यात या विषयाला पाणी, अंतर व स्थलांतर हे तीन स्थानिक पैलू आहेत. त्यांचा विचार न करता केलेले नियोजन अपुरे ठरेल.

दंतशास्त्र, भूजलशास्त्र, समाजशास्त्र व इतिहास या विषयांच्या प्राध्यापकांनी आपापल्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांच्या साहाय्याने गावोगावच्या पाण्याच्या व दातांच्या नोंदी एकत्र ठेवण्यास प्रारंभ केला, तर दंतवैद्यांच्या आराखड्यांना भक्कम आधार मिळेल. शाखांच्या समन्वयाचे हे काम दवाखान्याबाहेरही करता येण्यासारखे आहे.